फोनची कामं फोनबाहेर कशी काढायची? (नोकरदार घर, दक्षिणेची बाल्कनी, नाशिक)

अंबड_दुसरी_शिफ्ट

नमस्कार मंडळी. राहायला सिडकोत, तिसरा मजला. दोघंही नोकरीवाले, मुलं पाचवीत आणि आठवीत. फोन कमी करायचाय. नुसता कमी करून भागणार नाही, मोकळ्या झालेल्या वेळात हाताला काम लागेल, हेही कळतंय. सध्या नळ गळला की प्लंबर, पंखा मंदावला की वायरमन, कोथिंबीर संपली की ॲप.

नेमकं विचारायचंय ते असं. कीपॅड फोन घ्यावा का, की ओटीपी आणि यूपीआयमुळे पस्तावू? कंपनीचा शिफ्टचा ग्रुप आणि शाळेचे ग्रुप सोडता येत नाहीत, त्यांचं काय करायचं? आणि घरातली दुरुस्ती शिकायची तर सुरुवात कुठून? बाल्कनी ८ बाय ४ फूट, तोंड दक्षिणेला. तिथे काय येईल?

‘मनावर ताबा ठेवा’ छापाची उत्तरं कृपया नकोत.

गोदाकाठ

कीपॅड फोन लगेच घेऊ नका. हौसेने घेणारे बरेच जण परत येतात ते यूपीआयपाशी अडून. यूपीआयचं ॲप सुरू करताना त्याच फोनमधल्या सिमवरून बँकेला मेसेज जातो आणि खातं त्या फोनशी बांधलं जातं. बँकेत दिलेल्या नंबरचं सिम काढून कीपॅडमध्ये टाकलं की स्मार्टफोनवरचं ॲप आज ना उद्या हटून बसतं. साध्या फोनसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३ पे आणलं खरं, पण मागे चार गिऱ्हाईकं उभी असताना ते करत बसणं जिकिरीचं आहे.

घ्यायचाच झाला तर उलटी मांडणी करा. बँकेचं सिम स्मार्टफोनमध्येच राहू दे आणि तो फोन घरी राहू दे. कीपॅडमध्ये नवा नंबर, तो खिशात. जुन्या नंबरवर येणारे कॉल सेटिंगमधून नव्याकडे फॉरवर्ड होतात, मेसेज होत नाहीत. म्हणजे ओटीपी लागणारं प्रत्येक काम घरी बसून. बाहेर पडताना रोख ठेवा, त्यात दहा-वीसच्या नोटा असू द्या. आणि जिओचं सिम २जी फोनमध्ये चालत नाही, ४जी कीपॅडच लागतो. हे दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.

पण त्याआधी एक काम करा. फोन हातात घेण्याची कारणं आठवडाभर कागदावर उतरवा. बहुतेक घरांत यादीच्या वरच्या बाजूला रील किंवा बातम्या नसतात. वेळ बघणं, गजर, टॉर्च, बेरीज-वजाबाकी, किराण्याची यादी, ‘आज तारीख काय’ हेच असतं. वेळ बघायला फोन उचलला जातो आणि खाली ठेवेपर्यंत वीस मिनिटं गेलेली असतात. म्हणून ही बारीकसारीक कामं एकेक करून बाहेर काढायची. सगळी एकदम काढली तर घरात भांडणं होतात.

पहिला गजर. एका पेन्सिल सेलवर चालणारं गजराचं घड्याळ घ्या, पण टिकटिक न करणारं, काटा सरकत फिरतो ते. टिकटिकणारं घड्याळ दोन रात्रींत कपाटात जातं आणि उशाशी परत फोन येतो. मग भिंतीवरची घड्याळं: एक स्वयंपाकघरात, एक दारातून निघताना दिसेल असं. भिंतीवर कॅलेंडर असतंच, त्याला दोरीने पेन बांधा. सिलिंडर लावल्याची तारीख, दुधाचे खाडे, शिफ्ट बदलण्याचा दिवस, सगळं त्याच्यावर. जाड पुठ्ठ्याच्या वहीत वीसेक नंबर हाताने लिहून ठेवा. त्यात नातेवाइकांबरोबर गॅस एजन्सी, सोसायटीचा वॉचमन, फॅमिली डॉक्टर आणि पहिल्या पानावर ११२. मुलांना यातले तीन नंबर पाठ हवेत. साधी सेलवाली टॉर्च मीटरच्या पेटीपाशी खिळ्याला टांगा. एमसीबी (वीज आपोआप तोडणारा पेटीतला स्विच) पडल्यावर अंधारात जायचं तिथेच असतं.

चार्जिंगची जागाही बदला. पलंगाजवळचे चार्जर काढून सगळ्यांचे एकाच ठिकाणी, शक्यतो चपलांच्या रॅकजवळच्या प्लगला लावा. वायर आखूड हवी, तीन फुटांची. लांब असली तर तिथेच खुर्ची येते. कॉल आला तर आवाज घरभर ऐकू जाईल इतका मोठा ठेवा, नाहीतर ‘महत्त्वाचा फोन चुकला’ या सबबीवर फोन परत उशाशी येतो.

बिनसाखरेचा_चहा

वर सगळं बरोबर. ग्रुपचं उत्तर राहिलं, ते देतो.

कंपनीचा आणि शाळेचा ग्रुप सोडून बाकी सगळे आर्काइव्ह करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये चॅट्सखाली ‘कीप चॅट्स आर्काइव्ह्ड’ चालू आहे ना बघा. ते बंद असलं की नवा मेसेज आला रे आला, ग्रुप पुन्हा वर येऊन बसतो. आर्काइव्हमध्ये असताना तुमचं नाव घेऊन कुणी लिहिलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तरच सूचना येते, एरवी नाही. स्टोरेज अँड डेटामध्ये जाऊन फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं तिन्ही ठिकाणी बंद करा: मोबाइल डेटा, वायफाय, रोमिंग. ‘शुभ सकाळ’ची फुलं मग आपोआप थांबतात.

शाळेच्या ग्रुपसाठी घरातल्या एकानेच, ठरलेल्या वेळी, समजा साडेसहाला बघायचं आणि गृहपाठ फळ्यावर उतरवायचा. दोन बाय दीड फुटांचा पांढरा फळा पुरतो. मुलांनी फळा बघायचा, फोन मागायचा नाही. वर्कशीटची पीडीएफ आली तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट. महिन्याचा खर्च चहापाण्याइतकाही नसतो.

शिफ्टच्या ग्रुपला वेगळा टोन लावा आणि बाकी व्हॉट्सॲप मुकं करा. टोन वाजला तरच उठायचं.

‘डू नॉट डिस्टर्ब’ लावताना दोन गोष्टी. घरच्यांचे नंबर तारांकित करून त्यांना सूट द्या. ‘रिपीट कॉलर्स’ चालू ठेवा, म्हणजे एकाच नंबरवरून पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजतो. फसतं ते असं: कुरिअरवाला अनोळखी नंबरवरून एकदाच करतो आणि निघून जातो. पार्सल यायचं त्या दिवशी ‘डू नॉट डिस्टर्ब’च बंद ठेवा.

ॲपचे टायमर माझ्या मते निरुपयोगी. वेळ संपली की दोन टिचक्यांत वाढवता येते आणि आठवडाभरात ते बोटाला पाठ होतं. यूट्यूब बहुतेक फोनमधून काढता येत नाही, पण त्याची वॉच हिस्टरी पुसून ती नोंदवणंच बंद केलं की पहिलं पान कोरं होतं. शोधाल तेवढंच दिसतं. नळदुरुस्तीचा व्हिडिओ बघायला गेलेला माणूस क्रिकेटपाशी पोचतो ते त्या पहिल्या पानामुळेच.

पाना_पक्कड

दुरुस्तीचं मी सांगतो. व्हिडिओ आधी बघून पायऱ्या कागदावर लिहून घ्या आणि कामाच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत. ओल्या हाताने व्हिडिओ मागे-पुढे करण्यात अर्धा वेळ जातो आणि फोन बादलीत जातो तो वेगळाच.

हत्यारं थोडीच लागतात: १० इंची ॲडजस्टेबल पाना, इन्सुलेटेड पक्कड, चपटा आणि चार धारी असे दोन पेचकस, लाइन टेस्टर, टेफ्लॉन टेपची दोन रिळं, दात घासायचा जुना ब्रश. सेट घेऊ नका. त्यातल्या निम्म्या वस्तू कधी हातात येत नाहीत आणि पाना मऊ लोखंडाचा निघतो.

पहिलं काम नळाचं, कारण चुकलं तरी पाणीच सांडतं. चार-पाच फेरे फिरवून बंद होणारा जुना पितळी नळ असेल तर आत रबरी वायसर असतो. आधी बाथरूमचा कॉक बंद करा. तो वर्षानुवर्षं फिरवलेला नसेल तर जोर लावू नका, मानेपाशी तुटतो. अशा वेळी गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा, शेजाऱ्यांना सांगून. मग नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या. वरची मूठ काढा, खालचा षटकोनी भाग पान्याने डावीकडे फिरवा, स्पिंडल (आतला फिरणारा दांडा) बाहेर येतो. त्याच्या टोकाचा वायसर झिजून मध्ये गोल खाच पडलेली दिसेल. तो खिशात घालून दुकानात न्या आणि तसाच आणा. अर्धा इंची नळाला अर्धा इंचीच, पण जाडी वेगवेगळी येते, म्हणून नमुना हवा.

नवा वायसर बसवण्याआधी नळाच्या आत बोट घालून बसकेची, म्हणजे वायसर जिथे टेकतो त्या जागेची, कड चाचपा. तिथे खरखर किंवा खाच लागली तर वायसर कितीही बदला, महिन्याभरात परत गळणार. क्षार असतील तर ब्रशने निघतात. धातूच खाल्ला गेला असेल तर नळ बदलायचा. बोअरच्या पाण्याच्या सोसायट्यांत हे लवकर होतं, नुसत्या महापालिकेच्या पाण्यावर उशिरा. आणि बसवल्यावर नळ पिळून बंद करू नका. थेंब थांबला की थांबायचं. घरात एक तरी माणूस असा असतो जो नळ पिळतो, वायसर त्याच्यामुळेच कापला जातो.

पूर्ण नळ बदलायचा तर टेफ्लॉन टेप आट्यांवर गुंडाळायची दिशा महत्त्वाची. आट्यांचं तोंड आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, आठ-दहा वेढे. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना ती सुटून गोळा होते. पहिला आटा मोकळा ठेवा, नाहीतर तिचे तुकडे नळात जातात. बसवून झाल्यावर नळाचं तोंड तिरकं राहिलं तर उलट फिरवून सरळ करायचं नाही, तिथूनच गळती लागते. काढा, टेप बदला, नव्याने बसवा.

पंख्याचं दुसऱ्या टप्प्यात. आधी रोग ओळखा. पंखा गुणगुणतो पण सुरू होत नाही किंवा सगळ्याच नंबरांवर हळू फिरतो, तर बहुतेक कंडेन्सर. पाचवर नीट पण बाकी नंबर चालत नाहीत, तर रेग्युलेटर. बंद असताना पातं हाताने ढकललं आणि ते दोन-तीन फेऱ्यांत अडखळत थांबलं, तर बेअरिंग. ते घरी करायचं काम नाही. साध्या छताच्या पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो, दुकानात नुसतं ‘अडीचचा’ म्हटलं तरी देतात. पण जुन्यावर छापलेला आकडा बघूनच घ्या, त्याहून मोठा टाकून पंखा पळवायला जाल तर वाइंडिंग तापतं. रिमोटवाल्या बीएलडीसी पंख्यात हे काही लागू नाही, त्यात सर्किट असतं.

नुसतं बटण बंद करून पंख्याला हात लावायचा नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर असलेलंही सापडतं, म्हणजे पंखा बंद आणि वायरीत करंट चालू. एमसीबी पाडा, दाराला चिठ्ठी लावा, टेस्टर आधी चालू प्लगमध्ये लावून तो पेटतो याची खात्री करा, मग पंख्याच्या वायरींना लावून बघा. कंडेन्सरमध्ये थोडा करंट साठून राहतो. त्याची दोन्ही टोकं इन्सुलेटेड मुठीच्या पेचकसाच्या दांड्याने एकमेकांना भिडवा. वायरींचे रंग सोडवण्याआधी कागदावर काढून ठेवा. सॉकेट, गीझर, अर्थिंग यांच्या वाटेला जाऊ नका, ती वायरमनचीच कामं.

मुलांना शिकवायला सगळ्यात सोपा कुकर. शिट्टी होत नाही आणि कडेने वाफ जाते, तर रिंग कडक झाली. कडेने जात नाही तरी शिट्टी नाही, तर झाकणाच्या नळीत डाळ अडकली. गार झाल्यावर उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघायचं. सेफ्टी व्हॉल्व्ह वितळला तर त्याच कंपनीचा घ्या आणि तो का वितळला ते शोधा: पाणी कमी पडलं किंवा नळी बंद. नेताना झाकणच घेऊन जा, लिटरच्या अंदाजाने आणलेली रिंग बसत नाही.

कुंडीतली_मेथी

दक्षिणेची बाल्कनी म्हटल्यावर लोक उन्हाळ्यात लावायला घेतात आणि फसतात. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर. मे ते जुलै सूर्य जवळजवळ डोक्यावर, थोडा उत्तरेलाच असतो, त्यामुळे वरच्या स्लॅबची सावली पडून दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन येतच नाही. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत सूर्य दक्षिणेकडे कललेला, तेव्हा ऊन आतपर्यंत शिरतं. म्हणजे तुमचा हंगाम दसरा-दिवाळीपासून सुरू. पालेभाज्यांचा हंगामही तोच, हे तुमचं नशीब.

आधी वजनाचा हिशोब. १२ बाय १२ इंची ग्रो बॅगेत वीस-एकवीस लिटर मिश्रण मावतं, भिजल्यावर ती २० ते २५ किलोची होते. अशा सहा बॅगा भिंतीच्या कडेने लावा, ग्रिलच्या टोकाशी नको आणि कठड्यावर टांगून तर मुळीच नको. खाली विटांचे तुकडे ठेवून दोन इंच उचला, नाहीतर फरशी कायम ओली राहते आणि खालच्या मजल्यावरून तक्रार येते.

शेतातली काळी माती नुसती भरू नका. ओली झाली की चिखल, वाळली की भेगा, आणि पाणी त्या भेगांतून सरळ खाली निघून जातं, मुळं कोरडीच. चार भाग माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत, तीन भाग भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्या. शेणखत हातात घेतल्यावर गरम लागलं किंवा वास आला तर ते कच्चं आहे, रोपं जाळतं. कोकोपीटची वीट भिजवून पहिलं पाणी फेकून द्या, त्यात क्षार असतात.

सुरुवात मेथीने. दोन फूट बाय एक फुटाचा, सहा इंच खोल ट्रे पुरतो. घरातलीच मेथी, साधारण १० ग्रॅम, रात्रभर भिजवून पसरा आणि वर अर्धा सेंटिमीटर मिश्रण भुरभुरा. तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात काढणीला येते. दोन इंच बुडखा ठेवून कापली तर दुसऱ्यांदा थोडी फुटते. कोथिंबिरीचे धणे लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करायच्या, पीठ नाही. बारा तास भिजवून पेरा, आठ-दहा दिवस वाट बघा. लोक सहाव्या दिवशी ‘आलं नाही’ म्हणून उकरतात. उगवलेली रोपं देठापाशी बारीक होऊन आडवी पडू लागली तर पाणी जास्त होतंय. बोटाचं पेर मातीत घालून बघायचं, ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही.

मिरचीची रोपं नर्सरीतून आणा आणि ऑक्टोबर सुरू होताच लावा. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा मिरची नुसती उभी राहते, वाढत नाही. उशिरा लावलेली फेब्रुवारीपर्यंत हलत नाही आणि मग लोक तिला खत घालत बसतात. पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण दिसला तर आधी जुन्या ब्रशने काढा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल, चार थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी फवारा. साबण घातला नाही तर तेल वर तरंगतं आणि शेवटच्या फवाऱ्यात नुसतं तेल येऊन पानं करपतात.

उन्हाळ्यात पुदिना, अळू, पानओवा एवढंच ठेवा, बाकी ट्रे रिकामे राहू द्या.

ओल्या कचऱ्याला रंगाचे २० लिटरचे दोन डबे, बुडाला आणि कडेने मिळून दहा-बारा भोकं. एक भाग ओला कचरा, दोन भाग वाळलेला पाला, आठवड्यातून दोनदा खालीवर. वास सुटला तर पाला कमी पडलाय. शिजलेलं अन्न आणि दही-ताक घालू नका. दोन महिन्यांत एक डबा तयार होतो, तोवर दुसरा भरायचा.

एक विचारून ठेवते: सोसायटीच्या बागेतला पाला मिळतो का तुम्हाला? विकतचा घेऊन हे परवडत नाही.

पेटीतलं_पुस्तक

मोकळ्या वेळाचं एक राहिलं. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. सभासद व्हा, मुलांनाही सोबत न्या आणि पुस्तक त्यांचं त्यांना निवडू द्या. सिडकोतून दर आठवड्याला जाणं होत नसेल तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची चौकशी करा. त्यात पुस्तकांची पेटीच वाचकांच्या गटाकडे येते आणि ठरावीक काळाने दुसऱ्या गटाच्या पेटीशी बदलते. सोसायटीतली इच्छुक घरं गोळा करावी लागतील, ते काम व्हॉट्सॲपवर न करता दार वाजवून करा, लवकर होतं.

अंबड_दुसरी_शिफ्ट

भरपूर मिळालं. पाला मिळतो, माळी रोज जाळतो, त्याच्याकडून पोतंभर घेता येईल. @पाना_पक्कड, बाथरूमचा नळ तुम्ही सांगितला तसा नाही. अर्ध्याच फेऱ्यात उघडतो आणि बंद करूनही थेंब पडतो. यात वायसर कुठे असतो?

पाना_पक्कड

त्यात रबरी वायसर नाही भाऊ, आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. बहुतेक वेळा त्या खराब झालेल्या नसतात, टाकी धुतल्यावर आलेली रेती मध्ये अडकलेली असते. कॉक बंद करून मुठीवरची रंगीत टिकली नखाने उचला, खाली स्क्रू दिसेल. मूठ काढली की पान्याने स्पिंडल सोडवा. तो पितळी असतो, पान्याला कापड गुंडाळा म्हणजे ओरखडे येत नाहीत.

कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व टाकून स्पिंडल अर्धा तास बुडवून ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली मूठ फिरवतात तसा मागेपुढे फिरवा. चकत्या उचकटून वेगळ्या करू नका, परत तशाच बसत नाहीत. खालची रबरी रिंग चपटी झाली असेल तर तेवढीच बदला. एवढं करून गळला तर अख्खा स्पिंडल नवा. नेताना जुना न्या, कारण वरच्या दात्यांची संख्या आणि दांड्याची लांबी कंपनीगणिक वेगळी असते. दाते जुळले नाहीत तर मूठ नुसती गरगर फिरते.

सुरू करण्याआधी बेसिनच्या जाळीवर फडका टाका. मुठीचा तो स्क्रू आत गेला तर सुटा मिळत नाही, पूर्ण मूठ घ्यावी लागते.